सेवानिवृत्त शिक्षकांची पुनर्नियुक्ती आणि मानधनमर्यादा (महाराष्ट्र)

सेवानिवृत्त शिक्षकांची पुनर्नियुक्ती म्हणजे नियत वयोमानानुसार सेवेतून निवृत्त झालेल्या शिक्षकास पुन्हा अध्यापनाच्या कामावर, बहुधा ठरावीक मुदतीच्या कराराने, घेण्याची पद्धत होय. अशा शिक्षकास निवृत्तिवेतन मिळत असतानाच कामाचा मोबदलाही मिळतो. त्यामुळे दोन्ही मिळून त्याचे उत्पन्न किती असावे, हा प्रश्न जगभर निरनिराळ्या रीतीने सोडवला गेला आहे. काही देशांत निवृत्त शिक्षकाच्या वार्षिक कमाईला मर्यादा असते आणि ती ओलांडल्यास निवृत्तिवेतनात कपात होते. महाराष्ट्रात अशी कपात प्रचलित नाही. तेथे मोबदल्याचीच रक्कम शासन आधी ठरवून देते. ७ जुलै २०२३ रोजी राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने जिल्हा परिषदांच्या शाळांतील रिक्त पदांवर निवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपये मानधनावर घेण्यास मान्यता दिली, तेव्हा हा विषय राज्यभर चर्चेत आला. बीडसारख्या जिल्ह्यात, जेथे वाडीवस्तीवरील लहान शाळा आणि ऊसतोड कामगारांचे हंगामी स्थलांतर यांमुळे शिक्षकाच्या उपस्थितीला विशेष महत्त्व आहे, त्याचे परिणाम अधिक स्पष्टपणे पाहता येतात.

निवृत्तीचे वय

महाराष्ट्रात जिल्हा परिषद व अनुदानित खासगी शाळांतील शिक्षक वयाच्या ५८व्या वर्षी निवृत्त होतात. ज्या महिन्यात ५८ वर्षे पूर्ण होतात त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी सेवा संपते. मात्र जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा असल्यास आधीच्या महिन्याच्या अखेरीस संपते. या साध्या वाटणाऱ्या नियमाचा ग्रामीण महाराष्ट्रात एक वेगळाच परिणाम होतो. जुन्या पिढीतील असंख्य मुलांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना अंदाजाने १ जून अशी नोंदवली गेली. त्या पिढीतील शिक्षक त्यामुळे मोठ्या संख्येने ३१ मे रोजी एकदमच निवृत्त होतात आणि जूनच्या मध्यावर शाळा उघडतात तेव्हा जागा नुकत्याच रिकाम्या झालेल्या असतात. रिक्त पदांचा प्रश्न दरवर्षी शैक्षणिक वर्षाच्या तोंडावरच का उभा राहतो, याचे एक कारण हे आहे.

निवृत्तीचे वय सर्व राज्यांत सारखे नाही. शेजारच्या कर्नाटकात आणि गोव्यात ते ६० वर्षे आहे, तेलंगणात २०२१पासून ६१, तर मध्य प्रदेशात शिक्षकांसाठी ६२ आहे. केरळात मात्र ५६ आहे. कोठारी आयोगाने (१९६४–६६) शिक्षकांचे निवृत्तिवय सर्वसाधारणपणे ६० असावे आणि ६५ वर्षांपर्यंत मुदतवाढीची सोय असावी, अशी शिफारस केली होती. महाराष्ट्रात राज्य कर्मचाऱ्यांच्या संघटना ५८ऐवजी ६० वर्षांची मागणी दीर्घकाळ करीत आल्या आहेत. निवृत्त शिक्षकांना पुन्हा बोलावण्याचा प्रश्न या मागणीपासून पूर्णपणे वेगळा काढता येत नाही. ५८व्या वर्षी पूर्ण वेतनावरून निवृत्त केलेल्या शिक्षकास काही आठवड्यांनी त्याच्या वेतनाच्या लहानशा हिश्श्यावर त्याच कामासाठी बोलावले जाते, तेव्हा निवृत्तीचे वय न वाढवताही सेवेचा काळ प्रत्यक्षात वाढलेला असतो.

निवृत्तिवेतनाचे स्वरूप

जुन्या योजनेतील शिक्षकांचे निवृत्तिवेतन महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांनुसार ठरते. पूर्ण निवृत्तिवेतन सामान्यतः अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्मे असते व त्यावर वेळोवेळी महागाईवाढ मिळते. निवृत्तीच्या वेळी त्यातील काही अंश विकून एकरकमी पैसे घेता येतात; यास अंशराशीकरण म्हणतात. विकलेला अंश १५ वर्षांनी पुन्हा मिळू लागतो.

निवृत्तिवेतन हे मालकाने खुशीने दिलेले बक्षीस नव्हे, तर केलेल्या सेवेमुळे मिळणारा हक्क आहे, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने देवकीनंदन प्रसाद विरुद्ध बिहार राज्य (१९७१) या खटल्यात घेतली आणि १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नकारा खटल्यात ती अधिक विस्ताराने मांडली. १७ डिसेंबर हा दिवस त्यामुळेच निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळला जातो. झारखंड राज्य विरुद्ध जितेंद्रकुमार श्रीवास्तव (२०१३) या निकालात निवृत्तिवेतन ही राज्यघटनेच्या अनुच्छेद ३००अ खालील मालमत्ता असून कायद्याच्या आधाराविना ती काढून घेता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. प्रस्तुत विषयाशी या निकालांचा संबंध असा की, निवृत्त शिक्षक पुन्हा कमावू लागला एवढ्याच कारणाने, नियमात तरतूद नसताना, त्याच्या निवृत्तिवेतनाला हात लावता येत नाही. मर्यादा घालायचीच तर ती नव्या मोबदल्यावर घालावी लागते.

मर्यादा घालण्याच्या रीती

भारतीय शासनव्यवस्थेत पुनर्नियुक्तीच्या मोबदल्याचे जुने तत्त्व असे आहे की, नवे वेतन आणि निवृत्तिवेतन यांची बेरीज निवृत्तीच्या वेळच्या वेतनापेक्षा अधिक होऊ नये. केंद्र शासनाच्या वित्त मंत्रालयाने ९ डिसेंबर २०२० रोजी काढलेल्या ज्ञापनात करारावर घेतलेल्या निवृत्त कर्मचाऱ्यांसाठी हेच तत्त्व सोप्या वजाबाकीत मांडले आहे: अखेरच्या वेतनातून मूळ निवृत्तिवेतन वजा करून उरेल ती रक्कम दरमहा ठोक द्यावी. करारकाळात ही रक्कम बदलत नाही. तिच्यावर वार्षिक वेतनवाढ, महागाई भत्ता किंवा घरभाडे भत्ता मिळत नाही. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. ज्याने निवृत्तिवेतनाचा अंश विकला आहे त्याच्या बाबतीतही वजाबाकी करताना विकण्यापूर्वीचे पूर्ण निवृत्तिवेतनच धरले जाते. हातात कमी निवृत्तिवेतन पडते म्हणून मोबदला वाढवून मिळत नाही.

महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने १७ डिसेंबर २०१६च्या शासन निर्णयाद्वारे निवृत्त अधिकारी व कर्मचारी यांच्या सेवा विवक्षित कामांसाठी करारावर घेण्याची पद्धत घालून दिली. ‘विवक्षित काम’ हा शब्दप्रयोग तेथे कळीचा आहे. नियमित पद निवृत्त माणसाने भरणे हा त्या व्यवस्थेचा हेतू नाही. शाळेतील वर्ग मात्र विवक्षित कामाच्या व्याख्येत सहज बसत नाही. वर्ग रोज भरतो, आणि पद नियमित असते. म्हणून शिक्षकांसाठी शालेय शिक्षण विभागाला स्वतंत्र निर्णय घ्यावे लागले आणि त्यांत वजाबाकीची रीत सोडून सर्वांना एकच ठोक मानधन देण्याची रीत स्वीकारली गेली.

दोन्ही रीतींतील फरक उदाहरणाने स्पष्ट होतो. एखाद्या शिक्षकाचे निवृत्तीच्या वेळचे मूळ वेतन ७०,००० रुपये होते असे धरू. त्याचे मूळ निवृत्तिवेतन ३५,००० रुपये होईल. वजाबाकीच्या रीतीने त्यास करारावर ३५,००० रुपये मिळू शकतील. ठोक मानधनाच्या रीतीने २०,०००च मिळतील. अखेरचे मूळ वेतन ४०,००० असेल तर वजाबाकी नेमकी २०,००० येते आणि दोन्ही रीती सारख्या ठरतात. त्याहून कमी वेतनावर निवृत्त झालेल्यास ठोक मानधन फायद्याचे आहे. परंतु सातव्या वेतन आयोगानंतर प्राथमिक शिक्षकाची वेतनश्रेणीच २९,२०० रुपयांपासून सुरू होते आणि दरवर्षी सुमारे तीन टक्के वेतनवाढ मिळते, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या सेवेतच ४०,००० गाठले जातात. तीस वर्षे सेवा केलेला शिक्षक त्या रेषेच्या बराच वर असतो. त्यामुळे ठोक मानधनाचा आकडा बहुतेकांसाठी जुन्या मर्यादेच्या आतच राहतो. (या हिशेबात महागाई भत्ता धरलेला नाही.)

जुलै २०२३चा निर्णय

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याच्या कलम २६नुसार शाळेतील शिक्षकांची रिक्त पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक असता कामा नयेत. महाराष्ट्रात शिक्षकभरती दीर्घकाळ रखडल्याने ही मर्यादा पाळणे अवघड झाले होते. भरतीत पारदर्शकता यावी म्हणून २०१७मध्ये ‘पवित्र’ ही संगणकीय प्रणाली आणि शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी सुरू करण्यात आली. पहिली चाचणी डिसेंबर २०१७मध्ये झाली. दुसरी थेट फेब्रुवारी–मार्च २०२३मध्ये, आणि तिला दोन लाखांहून अधिक उमेदवार बसले. चाचणी झाली तरी प्रत्यक्ष नियुक्त्यांना विलंब लागणार हे स्पष्ट असताना जून २०२३मध्ये नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले.

या पार्श्वभूमीवर, दीपक केसरकर शालेय शिक्षणमंत्री असताना, ७ जुलै २०२३ रोजी निवृत्त शिक्षकांच्या तात्पुरत्या नियुक्तीस मान्यता देण्यात आली. नियमित शिक्षक उपलब्ध होईपर्यंतच ही नियुक्ती राहणार होती. कमाल वयोमर्यादा ७० वर्षे ठेवली गेली. मानधन दरमहा २०,००० रुपये ठरले आणि त्याशिवाय अन्य कोणताही लाभ मिळणार नव्हता. शिक्षकाकडून करारनामा व हमीपत्र घेण्याची अट होती, जेणेकरून पुढे नियमित सेवेचा दावा उभा राहू नये. वर्षभराचे बारा महिने धरले तरी या मानधनाची कमाल बेरीज २,४०,००० रुपये होते. हीच, व्यवहारात, निवृत्त शिक्षकाच्या अध्यापनातील शासकीय कमाईची वार्षिक मर्यादा ठरली.

निर्णयावर लगेच टीका झाली आणि ती मुख्यतः तरुण उमेदवारांकडून आली. डी.एड. व बी.एड. झालेले, पात्रता परीक्षा आणि अभियोग्यता चाचणी दिलेले उमेदवार नियुक्तीची वाट पाहत असताना निवृत्तिवेतन मिळणाऱ्यांना काम का द्यावे, असा त्यांचा प्रश्न होता. त्यात मानधनाच्या तुलनेने भर घातली. महाराष्ट्रात नव्या शिक्षकास पहिली तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ म्हणून ठोक मानधनावर काम करावे लागते. हे मानधन ७ फेब्रुवारी २०२३च्या शासन निर्णयाने वाढवण्यात आले होते. तरीही प्राथमिक शिक्षणसेवकास दरमहा १६,००० रुपयेच मिळत होते. वाढीपूर्वी ते ६,००० रुपये होते. म्हणजे कायम सेवेच्या उंबरठ्यावर असलेला, घरसंसार उभा करू पाहणारा तरुण शिक्षक १६,००० रुपयांवर आणि निवृत्तिवेतन सुरू असलेला ज्येष्ठ शिक्षक त्याशिवाय २०,००० रुपयांवर, अशी स्थिती एकाच शाळेत उद्भवू शकत होती. अनुभवाला अधिक मोबदला द्यावा हे तत्त्व मान्य केले तरी ही तफावत समजावून सांगणे शासनाला अवघड गेले.

निर्णयाच्या बाजूनेही एक बळकट मुद्दा होता. शिक्षक नसलेल्या वर्गातील मुलांचे वर्ष भरती पूर्ण होण्याची वाट पाहत थांबत नाही. पहिली-दुसरीच्या मुलाला वाचायला शिकवण्याचे महिने एकदा गेले की तिसरीच्या पुस्तकाबरोबर ते परत मिळत नाहीत. प्रशिक्षित, अनुभवी आणि गावातच राहणारी व्यक्ती तात्काळ उपलब्ध असेल तर तिचा उपयोग करून घ्यावा, यात गैर काही नाही, असे समर्थकांचे म्हणणे होते. मतभेद खरे पाहता उपायाच्या स्वरूपापेक्षा त्याच्या मुदतीविषयी होता. तात्पुरती सोय किती काळ तात्पुरती राहील, ही शंका शिक्षणसेवक योजनेच्या अनुभवामुळे अनेकांच्या मनात होती. ती योजना २००० साली सुरू झाली आणि आजही चालू आहे.

‘पवित्र’ प्रणालीवर पुढे २१,६७८ पदांच्या जाहिराती आल्या आणि २५ फेब्रुवारी २०२४ रोजी ११,०८५ उमेदवारांची शिफारस झाली. नवे शिक्षक रुजू झाले त्या जागांवरील कंत्राटी नियुक्त्यांचे प्रयोजन आपोआप संपले.

कमी पटाच्या शाळा आणि २०२४चा निर्णय

५ सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे शिक्षकदिनीच, विभागाने आणखी एक निर्णय काढला. २० किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळांतील दोन शिक्षकांपैकी एका जागी निवृत्त शिक्षक किंवा डी.एड., बी.एड. अर्हताधारक बेरोजगार उमेदवार कंत्राटी पद्धतीने घ्यावा, असे त्यात म्हटले होते. मानधन दरमहा १५,००० रुपये होते.

हा निर्णय आधीच्या निर्णयाहून स्वभावतःच वेगळा होता. २०२३मध्ये निवृत्त शिक्षक रिकाम्या जागी, नवा शिक्षक येईपर्यंत येणार होता. २०२४मध्ये लहान शाळेतील दुसरे पदच कंत्राटी होणार होते. १५ मार्च २०२४च्या संचमान्यतेच्या सुधारित निकषांवर शिक्षक संघटना आधीच नाराज होत्या. या दोन्ही निर्णयांच्या विरोधात २५ सप्टेंबर २०२४ रोजी राज्यभर शिक्षकांनी सामूहिक रजा घेऊन मोर्चे काढले. निर्णयात त्याच महिन्यात दुरुस्ती झाली आणि निवृत्तांऐवजी बेरोजगार उमेदवारांकडे कल वळला. फेब्रुवारी २०२५मध्ये कमी पटाच्या शाळांसाठीची ही कंत्राटी व्यवस्था मागे घेण्यात आली.

मानधनाच्या दृष्टीने पाहता सुमारे चौदा महिन्यांत निवृत्त शिक्षकाच्या कामाची किंमत २०,००० वरून १५,००० रुपयांवर आली. काम तेच, किंबहुना अधिक कठीण होते. कमी पटाच्या शाळेत दोन शिक्षकांना चार किंवा पाच इयत्ता एकत्र शिकवाव्या लागतात. या बहुवर्ग अध्यापनात पहिलीच्या मुलाला अक्षरे गिरवायला देऊन चौथीला भागाकार समजावावा लागतो. पट कमी म्हणजे काम कमी, हे गृहीतक वर्गात टिकत नाही.

बीड जिल्ह्यातील परिस्थिती

बीड जिल्हा मराठवाड्यात असून त्यात बीड, गेवराई, माजलगाव, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, केज, धारूर, परळी आणि अंबाजोगाई असे ११ तालुके आहेत. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती. जिल्ह्याचा उत्तर भाग गोदावरी खोऱ्यातील, तर दक्षिण व पश्चिम भाग बालाघाटाच्या डोंगररांगांचा आहे. डोंगरी भागात मुख्य गावापासून दूर विखुरलेल्या वाड्या, वस्त्या आणि तांडे आहेत आणि तेथील प्राथमिक शिक्षण जवळजवळ सर्वस्वी जिल्हा परिषदेच्या लहान शाळांवर अवलंबून आहे.

जिल्ह्याचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे ऊसतोड. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील लाखो स्त्री-पुरुष मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणून मोजले जाते. मुलांना सोबत न्यायचे की गावी आजी-आजोबांपाशी ठेवायचे, हा प्रश्न दर हंगामात प्रत्येक घरापुढे असतो. मुले गावी राहिली तर त्यांच्या जेवणाची व मुक्कामाची सोय व्हावी म्हणून हंगामी वसतिगृहे चालवली जातात. ती शाळेच्याच आधाराने चालतात आणि त्यांचा भार शाळेतील शिक्षकावर येतो.

याचा शिक्षकांच्या पदांशी थेट संबंध आहे. संचमान्यतेसाठी पारंपरिकरीत्या ३० सप्टेंबरचा पट धरला जातो. बीडमध्ये ही तारीख स्थलांतराच्या अगदी आधीची आहे. सप्टेंबरअखेर भरलेला वर्ग डिसेंबरमध्ये ओसरतो आणि एप्रिलमध्ये पुन्हा भरतो. कागदावरील पट आणि वर्गातील मुले यांत वर्षाचे पाच-सहा महिने अंतर राहते. परत आलेल्या मुलांचा बुडालेला अभ्यास भरून काढायचा तर उन्हाळ्यापूर्वीच्या थोड्या आठवड्यांत अधिक माणसे लागतात, आणि नेमकी तीच वेळ पदे मंजूर करण्याच्या कोणत्याही सूत्रात येत नाही.

अशा ठिकाणी निवृत्त शिक्षकाचे मोल मानधनाच्या आकड्यावरून कळत नाही. तो बहुधा पंचक्रोशीतलाच असतो. कोणत्या घरातील माणसे कोणत्या कारखान्याला जातात, कोणत्या मुलीला मागे ठेवायला आजी तयार होईल, हे त्याला ठाऊक असते. पालकांच्या पिढीलाही त्यानेच शिकवलेले असते, त्यामुळे उचल घेतलेल्या बापाला ‘पोराला इथंच ठेव’ असे सांगण्याचा अधिकार गावाने त्याला दिलेला असतो. नव्याने दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या शिक्षकाला तो मिळवायला काही वर्षे लागतात.

पण याच जिल्ह्यात योजनेच्या मर्यादाही उघड होतात. निवृत्तीनंतर पुष्कळ शिक्षक मुलांच्या शिक्षणासाठी किंवा दवाखान्याच्या सोयीसाठी बीड, अंबाजोगाई, परळी अशा शहरांत किंवा जिल्ह्याबाहेर लातूर व छत्रपती संभाजीनगर येथे स्थायिक होतात. ज्या शाळांना माणूस हवा त्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूरच्या डोंगरपट्ट्यात. साठी उलटलेल्या माणसाने रोज दुचाकीवर तीस-चाळीस किलोमीटर जाऊन-येऊन पंधरा किंवा वीस हजारांवर काम करावे, ही अपेक्षा सगळ्यांच्या बाबतीत पुरी होण्यासारखी नाही. मानधन राज्यभर एकच असल्यामुळे शहरालगतच्या शाळेत आणि घाटमाथ्यावरच्या वस्तीशाळेत मोबदल्याचा फरक नाही. साहजिकच पहिली जागा आधी भरते. दुर्गमतेनुसार मानधन कमी-जास्त करण्याची तरतूद २०२३च्या किंवा २०२४च्या निर्णयात नव्हती आणि ही त्या दोन्ही निर्णयांची सर्वांत मोठी उणीव म्हणावी लागेल.

खासगी काम आणि शिकवण्या

वरील मर्यादा शासनाने दिलेल्या कामापुरत्या आहेत. निवृत्त शिक्षकाने खासगी विनाअनुदानित शाळेत, शिकवणी वर्गात किंवा घरी मुलांना शिकवून कितीही कमावले तरी त्याच्या निवृत्तिवेतनावर परिणाम होत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २८ने शिक्षकांना खासगी शिकवण्या घेण्यास मनाई केली आहे; ती सेवेतील शिक्षकांना लागू आहे, निवृत्तांना नव्हे. लातूरच्या परीक्षाकेंद्री ‘पॅटर्न’चा प्रभाव असलेल्या या भागात गणित व विज्ञानाच्या जाणत्या शिक्षकाला शिकवणी वर्गात मागणी असते. परिणामी ज्यांची जिल्हा परिषदेच्या शाळेला सर्वाधिक गरज आहे त्यांनाच ठोक मानधन सर्वांत कमी आकर्षक वाटते. प्राथमिकच्या भाषाशिक्षकाबाबत ही स्पर्धा फारशी नसते.

कराच्या दृष्टीने निवृत्तिवेतन हे ‘वेतन’ या शीर्षाखालील करपात्र उत्पन्न आहे आणि मानधन एकूण उत्पन्नात मिळवले जाते. २०२५–२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे सामान्यतः कर लागत नसल्याने बहुतेक प्राथमिक शिक्षकांसाठी हा मुद्दा आता गौण झाला आहे.

अन्य देशांतील पद्धती

अमेरिकेत शिक्षकांचे निवृत्तिवेतन राज्यनिहाय असते आणि कमाईवरील मर्यादाही राज्यागणिक बदलतात. न्यूयॉर्क राज्यात सर्वसाधारण नियमानुसार निवृत्त होऊन सार्वजनिक सेवेत परतलेल्या ६५ वर्षांखालील शिक्षकास वर्षाला ३५,००० डॉलरपर्यंत निवृत्तिवेतनास बाध न येता कमावता येते. ६५ वर्षे पूर्ण होतात त्या वर्षापासून ही मर्यादा उरत नाही. कॅलिफोर्नियात मर्यादा दरवर्षी नव्याने ठरते आणि नुकत्याच निवृत्त झालेल्यांच्या अंतिम वेतनाच्या मध्यांकाशी ती निगडित असते. मर्यादेपलीकडे मिळवलेल्या प्रत्येक डॉलरमागे निवृत्तिवेतनातील एक डॉलर कापला जातो. निवृत्तीनंतरच्या पहिल्या १८० दिवसांत तर सामान्यतः काहीही कमावण्यास मुभा नसते. आधी निवृत्ती घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर दुहेरी उत्पन्नाने परतायचे, हे टाळण्यासाठी ही तरतूद आहे.

इंग्लंड व वेल्समधील जुन्या, अखेरच्या वेतनावर आधारित योजनेत निवृत्तिवेतन आणि नवी कमाई यांची बेरीज निवृत्तीपूर्वीच्या संदर्भ वेतनाहून अधिक झाली तर निवृत्तिवेतन तेवढ्यापुरते घटवले जाते. भारतातील वजाबाकीच्या तत्त्वाशी ही रीत जवळची आहे. फरक एवढाच की, तेथे कात्री निवृत्तिवेतनाला लागते, येथे मोबदल्याला.

नव्या निवृत्तिवेतन योजनेतील शिक्षक

१ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेले महाराष्ट्रातील शिक्षक जुन्या योजनेत नाहीत. त्यांच्यासाठी प्रथम परिभाषित अंशदान योजना आणि पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना लागू झाली. तीत निवृत्तीच्या वेळी जमा रकमेच्या किमान ४० टक्के भागातून वार्षिकी विकत घ्यावी लागते आणि तिची मासिक रक्कम अखेरच्या वेतनाच्या प्रमाणात ठरलेली नसते. जुनी योजना पुन्हा लागू करावी या मागणीसाठी १४ ते २० मार्च २०२३ या काळात राज्यातील कर्मचारी व शिक्षकांनी संप केला होता. सप्टेंबर २०२४मध्ये राज्य शासनाने या कर्मचाऱ्यांना सुधारित पर्याय देऊ केले.

पुनर्नियुक्तीचे आजवरचे सर्व हिशेब निवृत्त शिक्षकाकडे अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन आहे, या गृहीतावर उभे आहेत. वजाबाकीच्या रीतीत वजा करायची रक्कमच निश्चित नसेल तर मर्यादा कशी काढायची, याचे उत्तर जुन्या नियमांत नाही. ठोक मानधनही ‘निवृत्तिवेतनावर वरकड’ म्हणून पुरेसे मानले गेले होते. २००५नंतर वयाच्या तिशीच्या पुढे सेवेत आलेले शिक्षक आता निवृत्त होऊ लागले आहेत. कमी सेवाकाळामुळे त्यांच्या खात्यातील जमा रक्कमही लहान असते. त्यांच्यापैकी जो पुन्हा शाळेत येईल त्याच्यासाठी १५,००० किंवा २०,००० रुपये ही वरकड मिळकत असणार नाही, तर घरखर्चाचा मुख्य आधार असेल.